ऑडिओच्या मिनिटाला पंधरा रुपये: शिकता शिकता घरबसल्या कामाचं एक प्रकरण

विद्यार्थिनी २१ वर्षांची. गाव केज तालुक्यात, शिक्षण छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात एम.ए. अर्थशास्त्राचं पहिलं वर्ष. बेगमपुऱ्यात तिघींत मिळून एक खोली. ही कुणी एक खरी व्यक्ती नव्हे. या भागातून शिकायला आलेल्या पोरापोरींपुढे जो पेच हमखास उभा राहतो, तो आकड्यांनिशी मांडता यावा म्हणून परिस्थिती नमुन्यादाखल बांधली आहे. त्यातले दर आणि खर्च या प्रकरणापुरतेच आहेत, कुणी ते बाजारभाव म्हणून वाचू नयेत.

महिन्याचा खर्च असा: भाड्याचा वाटा २,२००, मेस २,८००, अभ्यासिका ७००, रिचार्ज आणि वाय-फायचा वाटा ५००, ये-जा, झेरॉक्स, किरकोळ १,३००. एकूण ७,५०० रुपये. घरून येतात ३,०००. म्हणजे दर महिन्याला साडेचार हजारांची तूट. विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेचा अर्ज भरून झाला होता, पण तिथल्या जागा मोजक्या आणि कामाचे तास दिवसाचे. तिचे मोकळे तास दिवसाचे नव्हतेच.

जवळ काय होतं? चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, चार्जरविना जेमतेम सव्वा तास चालणारा. एमएस-सीआयटी. परीक्षा परिषदेचं मराठी टायपिंगचं ३० शब्द प्रतिमिनिटाचं प्रमाणपत्र. आणि एक गोष्ट जी तिने स्वतःच्या बायोडेटात कधी लिहिलीच नाही: बीडकडची बोली कानाला सहज कळते. पुढे मराठी मुलाखती ऐकून लिहून देण्याच्या कामातून कमाई झाली, ती मुख्यतः या न लिहिलेल्या गोष्टीवर.

आधी गेलेले तीन आठवडे आणि १,२५० रुपये

सुरुवात बहुतेक जण करतात तिथूनच झाली. ‘घरबसल्या डेटा एंट्री, रोज दोन तास, महिना १८ हजार.’ व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म आला, आधारची प्रत मागितली, ‘नोंदणी आणि सॉफ्टवेअर’ म्हणून १,२५० रुपये घेतले आणि एक करारपत्र पाठवलं. करारात लिहिलं होतं की सात दिवसांत ५०० फॉर्म, अचूकता ९८ टक्के, नाहीतर ‘नुकसानभरपाई’. फॉर्म म्हणजे अंधूक स्कॅन केलेली चित्रं. शून्य की इंग्रजी ‘ओ’, एक की ‘एल’ हे डोळे फोडून पाहिलं तरी कळणार नाही असं मुद्दाम केलेलं. पाच रात्री जागून पोरीने काम पूर्ण केलं. आठव्या दिवशी निकाल आला: अचूकता ९१ टक्के, नापास. दहाव्या दिवशी कुणा ‘वकिला’ची नोटीस आली, ५,८०० रुपये भरा, नाहीतर केस.

हा सापळा जुना आहे, आणि त्याची मेख कामात नसून त्या करारात आहे. पैसे नोंदणीतून थोडे आणि भीतीतून जास्त काढायचे असतात. गावाकडच्या मुलीला पोलीस, कोर्ट, बदनामी हे शब्द एका ओळीत ऐकवले की ती घरी न सांगता कुठून तरी उसने आणून भरते, यावरच सगळा धंदा चालतो. इथे करायचं ते एवढंच: पैसे भरायचे नाहीत, चॅट, पावती आणि नंबर यांचे स्क्रीनशॉट काढायचे, नंबर ब्लॉक करण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकायची. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. पैसे नुकतेच गेले असतील तर तक्रार त्याच दिवशी, त्याच तासात करावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली गेली तरच परत मिळण्याची आशा असते. इथे दहा दिवस उलटून गेले होते, पैसे गेले ते गेलेच. आधारची प्रत गेली होती म्हणून बायोमेट्रिक लॉक केलं, आणि पुढे कुणालाही फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार द्यायचं ठरलं.

याच वर्गातले आणखी दोन प्रकार सांगून पुढे जाऊ. ‘व्हिडिओला लाइक करा, टेलिग्रामवर टास्क पूर्ण करा’ यात पहिले दोन-तीनशे रुपये खरोखर येतात, मग ‘प्रीपेड टास्क’ सुरू होतो आणि तिथे हजार भरले की पाच हजार मागतात. दुसरा प्रकार अधिक घातक: ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच टक्के घे.’ तो फसवणुकीचा पैसा असतो. खातं गोठतं, आणि त्याच खात्यावर शिष्यवृत्ती येत असेल तर तीही अडकते. चौकशीला बोलावणं येतं ते खातेदाराला, भाड्याने घेणाऱ्याला नव्हे.

आठवड्यात नक्की किती तास?

विचारलं तर प्रत्येक विद्यार्थी सांगतो, रोज चार-पाच तास देऊ शकतो. वहीत मांडलं की चित्र बदलतं. आठवड्याचे १६८ तास. झोप ५०, वर्ग आणि ये-जा ३२, स्वतःचा अभ्यास २५, जेवणखाण, कपडे, पाणी भरणं वगैरे २४. उरतात ३७. पण हे ३७ तास सलग नसतात. वीस मिनिटं इथे, चाळीस तिथे. ऐकून लिहायचं किंवा भाषांतराचं काम दीड तासाच्या सलग तुकड्याशिवाय होत नाही, कारण पहिली दहा-पंधरा मिनिटं मागचं वाचून लय पकडण्यातच जातात. असे सलग तुकडे शोधले तेव्हा तीन संध्याकाळी दोन-दोन तास, शनिवारी तीन, रविवारी चार, असे १३ तास निघाले. एक तास वीज जाण्यासाठी सोडला. हाती आले बारा.

महिन्याला साधारण ५२ तास. त्यातला चौथा भाग मेल, चौकशा, दुरुस्त्या आणि बिलं यांत जातो, त्याचे पैसे कुणी देत नाही. म्हणजे ३९ तास कमाईचे. ४,५०० भागिले ३९, तासाला ११५ रुपये. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला गेला आणि पुढे प्रत्येक काम त्याच्याशी ताडून पाहिलं.

‘लवचीक’ म्हणजे काय ते आधी ठरवा

जाहिरातीत सगळंच लवचीक असतं. चॅट सपोर्टच्या कामात ‘वेळ तुमच्या सोयीने’ लिहिलेलं होतं, पण सोय म्हणजे तीन पाळ्यांपैकी एक निवडणं, आठवड्याला २४ तास. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्राहकांचं काम असेल तर तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. पाळी संपता संपता मध्यरात्र उलटते, खोलीतल्या बाकी दोघी झोपलेल्या, आणि सकाळी वर्ग. हे जमत नाही, आणि जमवू नये.

आमच्या मते विद्यार्थ्यासाठी लवचीक काम एकच: ज्याची मुदत दिवसांत असते, तासांत नाही. शुक्रवारी दिलं आणि मंगळवारी हवं, मधे केव्हाही करा. या चाळणीतून ऑनलाइन शिकवणीही गळते, कारण तिची वेळ ठरलेली असते. पैसा बरा मिळतो हे खरं, पण आठवीच्या मुलाची सहामाही आणि आपली सत्र परीक्षा एकाच पंधरवड्यात येते. आवाजाचे नमुने देणं, चित्रांना नावं लावणं अशी कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीची फुटकळ कामं वेळेला सोयीची असतात, पण ती नळाच्या पाण्यासारखी. दोन आठवडे धो धो, मग महिनाभर ठणठणाट. जोडीला ठीक, त्यावर भाडं ठरवू नये.

उरली दोन. इंग्रजीतून मराठी भाषांतर, शब्दाला ५० पैसे. तपासणीसकट तिचा वेग तासाला २२० शब्द, म्हणजे ११० रुपये. आणि मराठी ध्वनिमुद्रण ऐकून लिहिणं, ज्याला कामवाले सरळ ट्रान्सक्रिप्शन म्हणतात, ऑडिओच्या मिनिटाला १५ रुपये.

दुसऱ्याचा हिशेब नीट पाहायला हवा, कारण इथेच बहुतेक जण फसतात. ‘एका तासाच्या ऑडिओचे ९०० रुपये’ हे ऐकून तासाला ९०० असं वाटतं. माणूस मिनिटाला १२० ते १५० शब्द बोलतो. तासाभराचं बोलणं म्हणजे सात ते नऊ हजार शब्द. ३० शब्द प्रतिमिनिट वेगाने नुसते टाइप करायला चार ते पाच तास, वर मागे जाऊन पुन्हा ऐकणं आणि शेवटची तपासणी. नवख्याला एका मिनिटाच्या ऑडिओला सात मिनिटं लागतात असं धरा. तासात साडेआठ मिनिटं होतात, १२८ रुपये. जमलं. पण शेतात, वाऱ्यात, मागे ट्रॅक्टर चालू असताना घेतलेली मुलाखत असेल तर मिनिटाला दहा मिनिटं लागतात आणि तासाला ९० रुपये पडतात. म्हणून ऑडिओ ऐकल्याशिवाय दर ठरवायचा नाही. सुरुवातीची दोन, मधली दोन आणि शेवटची दोन मिनिटं मागून घ्यायची. सुरुवात नेहमीच स्वच्छ असते, माणसं मधे उठून चहा करायला जातात.

टायपिंग येतं, पण कुठलं?

प्रमाणपत्र होतं, तरी पहिली अडचण कीबोर्डचीच आली. टायपिंगच्या क्लासला बोटं जुन्या टंकयंत्राच्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेली. घरी सराव जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर. त्यात टाइप केलेला मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. काम देणाऱ्याला हवं असतं युनिकोड, ते कुठेही शोधता येतं, कुठेही उघडतं. दोन वाटा आहेत. रेमिंग्टनच्याच बोटांनी युनिकोड उमटवणारं इनपुट साधन बसवायचं, किंवा इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण मांडणी, शिकायची. तिने पहिली वाट धरली, चार दिवसांत हात बसला. इनस्क्रिप्टला रोज तासभर देऊन तीन-चार आठवडे लागले असते, आणि नेमकं त्याच काळात उत्पन्न शून्य होतं. फोनवर बोलून टाइप करण्याची सोय प्रत्येकाने वापरून पाहिलेली असते. प्रमाण मराठीत, शांत खोलीत ती ठीक चालते. विरामचिन्हं मात्र सगळी हाताने.

तपासून घ्यायच्या बारीक गोष्टी: ‘ऱ्या’ आणि ‘र्या’ यांतला फरक (दऱ्या आणि आर्या), ‘ऑ’ आणि ‘ॲ’ नीट उमटतात का, आणि आकडे देवनागरी की इंग्रजी हे काम देणाऱ्याला आधी विचारलं का. तीनशे पानांत आकडे बदलत बसणं ही शिक्षा आहे.

काम कुठून आलं

इंटर्नशाला, लिंक्डइन, अपवर्क, फायव्हर या काम शोधायच्या साइटवर प्रोफाइल बनवली, बनवावीच. पण परदेशी फ्रीलान्स मंचांचं गणित नवख्याला महाग पडतं. फायव्हर कमाईतला २० टक्के हिस्सा ठेवतं. अपवर्कवर अर्ज करायलाच ‘कनेक्ट्स’ नावाची विकतची टोकनं खर्च होतात, एकाची किंमत ०.१५ डॉलर, आणि एका अर्जाला असे बरेच लागतात. मराठीसारख्या भाषेची कामं तिथे विरळ, आणि जगभरातले मराठी लोक त्यांच्यावर तुटून पडलेले.

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला जवळचा बाजार दुसराच आहे. संशोधक. पीएच.डी. करणारे, शेतीची पाहणी करणारे, ऊसतोड मजूर, दुष्काळ, स्थलांतर, बचत गट यांवर मुलाखती घेणारे. विद्यापीठाचे सामाजिकशास्त्रांचे विभाग, परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, तुळजापूरचा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर, शिवाय पुण्या-मुंबईच्या संस्था ज्या आपल्याकडे येऊन मुलाखती घेतात आणि मग त्या उतरवायला माणूस शोधतात. त्यांचा अडसर भाषेचा असतो. पुण्याचा टंकलेखक चुकतो तिथे केजची पोर चुकत नाही.

नमुना म्हणून तिने स्वतःच्या चुलत्याची परवानगी घेऊन तीन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि उतरवलं. त्यातली एक ओळ:

‘औंदा आमच्या टोळीत आठ कोयते व्हते. मुकादमाकून उचल घेतलती, ती फिटलीच न्हाई, मग वाढं इकून भागवलं.’

बाहेरच्याला यात आठ कोयते म्हणजे आठ हत्यारं वाटतात. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे मजुरांचं एकक, बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. ‘उचल’ हे क्रियापद नाही, ती हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. ‘फिटली’ म्हणजे फेडून झाली. ‘वाढं’ म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा, जनावरांना वैरण म्हणून विकला जातो. तिने मजकुराखाली या चार शब्दांची टीप दिली. ज्या मुलाखतीवर मजुरांची संख्या आणि कर्जाची रक्कम काढायची आहे, तिथे कोयता म्हणजे हत्यार धरलं तर आठ जोड्यांची आठ माणसं होतात. संशोधकाला हे एका नजरेत कळतं.

पाठवलेला संदेश इतकाच:

‘नमस्कार मॅडम, मी एम.ए. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, गाव केज तालुका. बीड-धाराशिवकडच्या बोलीतल्या मुलाखती ऐकून युनिकोडमध्ये उतरवून देते. तीन मिनिटांचा नमुना आणि शब्दांच्या टिपा सोबत जोडल्या आहेत. आठवड्याला ८० मिनिटांपर्यंत ऑडिओ घेऊ शकते. आपल्याकडे असं काम असल्यास पाच मिनिटांची चाचणी करून देईन.’

‘मला कामाची फार गरज आहे’ हे वाक्य पहिल्या मसुद्यात होतं, ते काढलं. गरज सांगितली की दर पडतो. चार आठवड्यांत असे ३४ संदेश गेले. उत्तरं सहा, चाचण्या दोन, काम एक. हे प्रमाण कमी वाटतं, पण त्या एकाने पुढे दोन नावं सुचवली. चाचणीची मर्यादा तिने सुरुवातीलाच लिहिली हेही योग्य झालं. पाच मिनिटांचा ऑडिओ किंवा २५०-३०० शब्द इतपत फुकट चाचणी रीतीला धरून आहे. ‘चाचणी म्हणून हा ४० मिनिटांचा ऑडिओ करा’ असं दुसऱ्या एका ठिकाणाहून आलं. तिथे फुकटात काम उरकून घ्यायचं होतं, दुसरं काही नाही.

मेलवर ठरवायच्या गोष्टी

फोनवर ठरलं तरी लगेच मेल करून लिहून घ्यायचं: दर ऑडिओच्या मिनिटाला आहे (पानामागे नाही, पान कुठल्या फॉन्टचं, किती ओळींचं यावर नंतर भांडण होतं), बोलणं जसंच्या तसं की ‘अं’, ‘म्हणजे’ गाळून, ‘गेलतो’ तसंच ठेवायचं की ‘गेलो होतो’ करायचं, वेळेच्या नोंदी किती मिनिटांनी, बोलणाऱ्यांची नावं की ‘मुलाखतकार’ आणि ‘उत्तरदाता’, दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात धरल्या, आणि पैसे काम दिल्यापासून किती दिवसांत. पहिल्याच कामात ‘जसंच्या तसं’ हा मुद्दा विचारायचा राहिला. तिने १२० मिनिटं प्रमाण मराठीत सारखी करून दिली. मॅडमना बोली हवी होती. संपूर्ण ऑडिओ पुन्हा ऐकावा लागला, नऊ तास फुकट गेले. चूक तिचीच होती असं नाही, विचारणं दोघींचंही राहिलं. पण तास एकीचेच गेले.

खोलीतली व्यवस्था

वायरचा इअरफोन, ४५० रुपयांचा. ब्लूटूथमध्ये थांबवलं-चालू केलं की आवाज किंचित उशिरा येतो आणि प्रत्येक वेळी पहिला शब्द गिळला जातो. पायाचं पेडल वगैरे लागत नाही. ब्राउझरमध्ये चालणारं ओट्रान्सक्राइब फुकट आहे: एस्केप दाबलं की थांबतं-चालतं, एफ-१ ने मागे, एफ-२ ने पुढे, एफ-३ ने वेग कमी, कंट्रोल-जे ने वेळेची नोंद. बोटं कीबोर्डवरून उचलायची नाहीत, यातच वेग वाढतो.

पण त्यातला मजकूर साठतो तो त्याच संगणकाच्या त्याच ब्राउझरमध्ये. एका शनिवारी लॅपटॉपचं चार्जर बिघडलं म्हणून तिने नेट कॅफेत बसून ३५ मिनिटांचा ऑडिओ उतरवला, ‘उद्या पूर्ण करू’ म्हणून उठली. कॅफेवाल्याने नेहमीप्रमाणे रात्री ब्राउझर साफ केला. चार तासांचं काम गेलं. नियम त्यानंतर लागला: दर २० मिनिटांनी सगळं निवडून कॉपी, वर्डच्या फाइलमध्ये चिकटव, फाइल ड्राइव्हवर टाक. शिवाय दुसऱ्यांच्या मुलाखती कॅफेच्या संगणकावर उघडणंच चूक होतं. उत्तरदात्याने मुकादमाविरुद्ध जे बोलून ठेवलेलं असतं ते तिथे पडून राहता कामा नये. त्याच कारणाने काम देणाऱ्याची लेखी परवानगी नसेल तर ऑडिओ आपोआप मजकूर काढून देणाऱ्या फुकटच्या ऑनलाइन यंत्रांवर चढवायचा नाही.

वीज. उन्हाळ्यात दुपारी आणि वादळी पावसात संध्याकाळी जाणार हे धरूनच चालायचं, आणि महावितरणच्या देखभालीचा वार आपल्या भागात कोणता ते माहीत करून घ्यायचं. राउटरसाठीचं छोटं यूपीएस १,३०० रुपयांना तिघींत मिळून घेतलं. गावी जाताना वेगळी तयारी लागते. रेंज माळवदावर चढल्यावर येते, तीही एका कोपऱ्यात. म्हणून फाइली निघण्याआधीच उतरवून घ्यायच्या, आणि उतरवताना फॉरमॅट बघायचा. तासाभराचं साधं वेव रेकॉर्डिंग एकाच चॅनेलचं असलं तरी सव्वातीनशे एमबीच्या आसपास जातं. तेच ६४ केबीपीएसच्या एमपी-३ मध्ये २९ एमबी. दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जवर हा फरक मोठा आहे, आणि बोलणं ऐकायला एमपी-३ पुरतं. घरच्यांचा प्रश्न मात्र फॉरमॅट बदलून सुटत नाही. ‘कानात घालून बसल्याचे कोण पैसे देतंय व्हय गं?’ पहिलं बिल खात्यावर जमा झाल्याचा मेसेज अण्णांना दाखवला तेव्हा विषय संपला.

परीक्षेआधीचा घोळ

चौथ्या महिन्याच्या शेवटी १८० मिनिटांचं काम आलं, मुदत दहा दिवस. सत्र परीक्षा बारा दिवसांवर. तिने सात मिनिटांच्या वेगाने २१ तास धरले आणि हो म्हटलं, ऑडिओ न ऐकता. निघाल्या बाजारातल्या मुलाखती, मागे हमालांचा आणि टेंपोचा गोंगाट. मिनिटाला दहा मिनिटं, म्हणजे ३० तास. आठवड्याचे बारा तास आणि डोक्यावर परीक्षा. पाचव्या दिवशी ६० मिनिटं पूर्ण करून, उरलेली १२० करता येणार नाहीत असं स्पष्ट कळवून ती परत दिली. हे पाचव्या दिवशी केलं म्हणून निभावलं. नवव्या दिवशी केलं असतं तर काम देणारा माणूस हातचा गेला असता. तेव्हापासून वेळापत्रक लागलं की सगळ्यांना एकच ओळ जाते: ‘अमुक ते अमुक तारखेपर्यंत परीक्षा, नवीन काम घेणार नाही.’ विद्यापीठाचं वेळापत्रक पुढे सरकतं हेही त्यांना ठाऊक असतं.

पैसे हातात येईपर्यंत

बिल स्वतःच बनवायचं: क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, मिनिटं, दर, एकूण, पॅन, खाते क्रमांक, आयएफएससी. पॅन, आधार आणि खातं यांवर नाव एकसारखं हवं. बारावीला असताना, अठरा पूर्ण होण्याआधी उघडलेलं खातं असेल तर सज्ञान झाल्यावर बँकेत जाऊन केवायसी नव्याने करावी लागते, नाहीतर पैसे येतात पण काढता येत नाहीत. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. जो मागतो तो द्यायला नाही, न्यायला बसलाय.

एका संस्थेने ३,९०० च्या बिलातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घ्यायचा आयकर, कापून ३,५१० दिले. पैसे बुडाले असं वाटून ती घाबरली. टीडीएस पॅनवर जमा होतो, आयकर विभागाच्या वार्षिक कर विवरणात (२६-एएस) दिसतो, आणि वर्षाचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो. त्यासाठी पॅन बिलावर बरोबर हवा. दिलाच नाही तर कपात वीस टक्क्यांपर्यंत जाते.

शिष्यवृत्ती घेणाऱ्यांनी काम सुरू करण्याआधीच योजनेच्या अटी आणि हमीपत्र वाचावं, नोकरी-व्यवसायाबद्दल त्यात काय लिहून घेतलंय ते पाहावं आणि विभागातल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर विचारावं. पूर्णवेळ संशोधन फेलोशिपवाल्यांचं प्रकरण वेगळं, त्यांच्यावर दुसऱ्या पगारी कामाचं बंधन असतं. आणि ७५ टक्के हजेरी कामाच्या नावाखाली कुणी माफ करत नाही.

सहा महिन्यांचा हिशेब

पहिला महिना शून्य. दुसरा १२० मिनिटं, १,८०० रुपये. तिसरा २६० मिनिटं, ३,९००. चौथा ३५० मिनिटं, ५,२५०. पाचवा, परीक्षेचा, ६० मिनिटं, ९००. सहाव्यात दर १८ केला, २६० मिनिटं, ४,६८०. एकूण १६,५३०, सरासरी महिना २,७५५. ठरवलेले साडेचार हजार फक्त दोनच महिने पार झाले. उरलेली तूट एका मावशीकडून घेतलेल्या उसनवारीने आणि अभ्यासिका सोडून विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून भरून निघाली. परीक्षेचा महिना सुना जाणार हे गृहीत धरून आधीच्या महिन्यांतून बाजूला काढायला हवं होतं, ते चौथ्या महिन्यात सुचलं नाही.

शब्दांची वही मात्र वाढत गेली. औत, बटई, सालगडी, फड, टायर, खुरपणी असे १४० शब्द, समोर अर्थ आणि कुठल्या भागात ऐकला त्याची नोंद. आता ती प्रत्येक कामासोबत जाते, आणि दर १८ केला तेव्हा कुणी घासाघीस केली नाही ती या वहीमुळे.

सातव्या महिन्यात एका जुन्या ग्राहकाने नवा प्रस्ताव ठेवला. मसुदा यंत्र करेल, तुम्ही फक्त दुरुस्त करा, मिनिटाला सात रुपये. तिने हो-नाही काही न म्हणता दोन ऑडिओंची दहा-दहा मिनिटं घड्याळ लावून केली. संभाजीनगरातल्या एका प्राध्यापकाची, बंद खोलीतली मुलाखत: मिनिटाला तीन मिनिटं लागली, म्हणजे तासाला १४० रुपये. धारूरकडच्या टोळीतल्या बाईची, फडावरची, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या रानातली: मिनिटाला साडेसहा, म्हणजे तासाला ६५. यंत्राने ‘वाढं’चं सगळीकडे ‘वाडा’ केलं होतं आणि दोघी-तिघी एकदम बोलल्या तिथे ओळीच गाळल्या होत्या. उत्तर गेलं: खोलीतल्या मुलाखती सातने करते, फडावरच्या अठरानेच, मसुदा पाठवू नका.